हिरव्या चित्रातले पाणी

"लाल गेला! लाल गेला!" असा ओरडा झाला आणि सभागृहातली सगळी माणसे एकदम उभी राहिली.

शाळेच्या त्या सभागृहात टेकडीखालच्या वस्तीतली कुटुंबे कित्येक आठवडे दाटीवाटीने राहत होती. गुंडाळलेल्या गाद्या भिंतीला लावलेल्या, खिडक्यांच्या गजांवर ओले टॉवेल, आणि समोर एक पांढरा पडदा. पडद्यावर आमच्या टेकडीचे उभे कापल्यासारखे चित्र होते. माती जिथून घसरेल असा संगणकाचा अंदाज, तिथे लाल पट्टा. कफनीतल्या मातीमहाराजांनी डोळे मिटून पडद्यावर तळहात टेकवला, खाली लॅपटॉपपाशी बसलेल्या इंजिनिअरने एक बटण दाबले, आणि लाल पट्टा विरून टेकडी हिरवीगार झाली. कोपऱ्यात १.०४ होते तिथे १.४२ आले.

हा आकडा सुरक्षिततेचा. टेकडीला धरून ठेवणारे बळ तिला खाली ओढणाऱ्या बळाच्या किती पट आहे, ते तो सांगतो. तो एकाच्या खाली उतरला की टेकडीही उतरलीच म्हणून समजा.

"पाहिलंत?" महाराज गरजले. "यंत्राला भक्ती नसते, यंत्राला वशिला चालत नाही. तेच सांगतंय, ऐका! मी टेकडीत ठोकल्या त्या तांब्याच्या दांड्या नव्हेत, त्या टेकडीच्या नसा! नस दाबली की हत्ती झोपतो, मातीची काय कथा!"

ठेकेदाराने रस्ता रुंद करायला टेकडीचा पायथा खणला, तेव्हापासून घरांना तडे गेले होते. महाराजांना आणले तेही त्यानेच. पण लोकांनी विश्वास टाकला तो महाराजांवर नव्हे, पडद्यावर; आणि पडद्यावर टाकला तो लॅपटॉपपाशी बसलेल्या माणसामुळे.

तो माझा मित्र. तरुणपणापासून आम्ही त्याला ओळंबा म्हणतो. भिंत सरळ आहे की नाही हे गवंडी ओळंब्याने बघतो, तशी आम्ही आमची भांडणे त्याच्यापुढे ठेवायचो. मी छापखान्यातला निवृत्त मुद्रितशोधक. आकड्यांशी माझे फारसे कधी जमले नाही. त्या दिवशी सकाळी मी त्याला एवढेच विचारले होते, "तू स्वतः तपासलंस ना? अक्का तिथे परत राहायला जाणार आहे."

"तपासलंय रे," तो म्हणाला. "तुझी अक्का ती माझी अक्का."

दुकानदाराकडे सुटे पैसे परत मागायलाही मला संकोच वाटतो. पण त्या एका वाक्यावर विसंबून मी भर सभेत उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेबांनी तपासलंय. मी त्यांना ओळखतो." माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, तेवढ्यावर पिशव्या भरल्या.

"चल रे, उचल," ती मला म्हणाली. "आज माझ्या पलंगावर झोपणार. इथली घोरणारी मंडळी ऐकून कान किटले."

"आई, थांब जरा."

दारात तिची मुलगी उभी होती. माझी ही भाची इंजिनिअरिंग कॉलेजात माती आणि पाया हाच विषय शिकवते. तास संपवून ती तशीच आली होती, बोटांना खडू लागलेला.

"आता तुझंही एक चित्र बघू का?" अक्का म्हणाली.

"चित्र नाही. चित्राच्या मागे बघायचंय." ती पुढे गेली. "महाराज, या मॉडेलला दोन-तीन प्रश्न विचारू का?"

ओळंबा घाईने म्हणाला, "आता वेळ नाही. मी बंद करतोय."

पण महाराज रंगात आले होते. "असू द्या हो साहेब! विचार बाई, खुशाल विचार. माती कुणाच्याही प्रश्नाला उत्तर देते!"

टाळ्या पडल्या. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पडद्यावरची ही माती खरेच उत्तर देते, हे महाराजांना ठाऊक नव्हते. ओळंब्याला होते. तो खुर्चीवरून उठला, पण त्याने माझ्याकडे बघितले नाही.

भाची बसली. "चित्राखाली ही अरुंद पट्टी दिसतेय? हिला कमांड लाइन म्हणतात. इथे प्रश्न टाइप करायचा. चित्र रंग दाखवतं. मॉडेलमध्ये काय भरलंय ते ही पट्टी सांगते. हिला भीडभाड नाही. आता, हिशेबाचे दोन टप्पे आहेत. पहिला म्हणजे आजची टेकडी, ती लाल. दुसरा म्हणजे दांड्यांनंतरची, ती हिरवी. दुसऱ्या टप्प्यात दांड्या चालू आहेत का, ते आधी विचारते."

दांड्या चित्रात दिसत तर होत्या, तिरक्या रेघांसारख्या. तिने एका रेघेचे नाव लिहिले, टिंब दिले, 'अ‍ॅक्टिव्ह' लिहिले आणि पुढे दुसऱ्या टप्प्याचे नाव. खाली एकच शब्द उमटला: फॉल्स.

"म्हणजे नापास?" वस्तीतल्या शिंप्याने विचारले.

"म्हणजे 'नाही'. दांडी चित्रात आहे, हिशेबात नाही. लग्नाच्या फोटोत एखादा उभा असतो बघा, ना मुलीकडचा ना मुलाकडचा. जेवून जातो, तसं."

दुसरी दांडी. फॉल्स. तिसरी. फॉल्स. पुढे तर तिने बटण दाबायच्या आधीच मागची माणसे 'फॉल्स!' म्हणून ओरडू लागली.

"पण मग हिरवं झालं कशानं?" शिंप्याने बरोबर विचारले.

"तेच बघू." तिने दोन्ही टप्प्यांतली भूजलाची पातळी विचारली. पहिल्या टप्प्यात पाणी जमिनीच्या जरासे खाली होते. दुसऱ्यात ते चित्राच्या तळाच्याही खाली गेले होते. "कुणीतरी पाण्याची रेघ उचलून पार खाली ठेवलीय. माती भिजलेली असली की आतलं पाणी कणांना एकमेकांपासून दूर ढकलतं, त्यांची पकड ढिली करतं. ते पाणी हिशेबातून काढा, आकडा आपोआप चढतो. त्याला तांबं लागत नाही, हात टेकवावा लागत नाही."

महाराजांची क्षणभर पाचावर धारण बसली. पण तो गडी मुरलेला. "अरे, तेच तर म्हणतोय मी! पाणी आटवलं कुणी? माझ्या दांड्यांनी! सगळं शोषून घेतलं!"

"हो की," असे कुणीतरी पुटपुटले. सभागृह पुन्हा कलायला लागले. तेवढ्यात अक्का उठली.

"कधी आटवलंत?"

"ठोकल्या त्याच दिवशी, बाई."

"मग आज सकाळी मी घर झाडायला गेले, तेव्हा मागच्या भिंतीतून झिरपत होतं ते काय तुमचं तीर्थ? फडकं पिळून पिळून मनगटं दुखली माझी."

हशा असा उसळला की पडदा हलला. मला हसू आले नाही. ती भिंत तिच्या उशाची.

भाचीने शेवटी उलटा प्रयोग केला. दांड्या चालू केल्या, पाणी होते तिथे परत नेले आणि हिशेब पुन्हा करवला. लाल पट्टा परत आला. कोपऱ्यात १.०४. दांड्यांनी शेवटच्या अंकालासुद्धा धक्का लावला नव्हता. मागे वळून पाहिले तर महाराज ध्यानाची वेळ झाली म्हणून बाजूच्या दाराने पसार.

ओळंबा चार्जरची वायर गुंडाळत होता. मी त्याच्याजवळ गेलो.

"तपासलंय म्हणालास."

"तपासलंच होतं. हिरव्या चित्राच्या हिशेबात पाणी धरलेलं नाही, हे मला माहीत होतं." तो वायरीकडे बघत म्हणाला. "मी एक अक्षर खोटं बोललो नाही. बोलले ते महाराज. मी बटण दाबलं."

"आणि अक्का?"

"ठेकेदार पुढच्या वर्षी भिंत बांधतो म्हणाला. तोवर काही होणार नाही असं वाटलं."

"वाटलं? 'वाटतं' म्हणालो की तूच आम्हाला हसायचास."

त्याने वायर पिशवीत कोंबली. 'केसाने गळा कापणे' हा वाक्प्रचार मी कितीतरी पानांवर तपासला असेल. त्याचा अर्थ मला शुद्धलेखनापुरताच ठाऊक होता.

अक्का पिशवीवरच बसली होती. लबाडी उघडी पाडून ती खूश असेल असे मला वाटले; तिच्या डोळ्यांत पाणी होते. "म्हणजे घरी जायचं नाही," ती म्हणाली.

भाची तिच्यापुढे उकिडवी बसली. "आई, हिरवं चित्र खोटं नाही गं. पाणी खरंच काढलं, तर टेकडी खरंच अशी होईल. आत आडवे पाइप घालायचे, पाणी बाहेर वाहू द्यायचं, पायथ्याला भिंत बांधायची. ठेकेदाराला तेच टाळायचं होतं."

"म्हणजे उपाय त्यांनीच पडद्यावर दाखवला की!" शिंपी म्हणाला.

"दाखवला. करायचा राहिला."

तिथून सगळी वस्ती ठेकेदाराच्या कचेरीवर गेली. पाइप घालायचे त्याने लेखी कबूल केले, पण त्यासाठी बरेच हेलपाटे आणि बरीच भांडणे लागली.

मला उपदेश जमत नाही. मी स्वतःच फसलेला माणूस. तरीही एक सांगतो. भगव्या-पांढऱ्या कफनीला प्रश्न विचारणे त्या मानाने सोपे. अवघड असते ते आपल्या माणसाला विचारणे. तो 'तपासलंय' म्हणाला की 'काय तपासलंस, मला दाखव' असे म्हणायला जीभ रेटत नाही, मैत्रीचा अपमान होईल असे वाटते. तो अपमान नव्हे. खरा माणूस दाखवताना खूश होतो. आणि यंत्रावर उमटले म्हणून काही खरे होत नाही. यंत्रात आधी कुणीतरी काहीतरी भरलेले असते. ते काय, हे विचारायचा हक्क भिंतीखाली झोपणाऱ्याचा पहिला.

काही दिवसांनी भाची पाइपांचे नवे मॉडेल घेऊन आली. तिने पडद्यावर चित्र लावले. पुन्हा हिरवे. लोक टाळ्या वाजवणार, तोच अक्का म्हणाली, "थांबा रे. पोरी, तुझे पाइप तरी हिशेबात आहेत का?"

भाचीचा चेहरा उजळला. तिने खुर्ची मोकळी केली. "तूच विचार. मी अक्षरं सांगते."

अक्का बसली, पदराने चष्मा पुसला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, प्रश्न टाइप करू लागली.