सैल खिसा

अप्पांच्या छातीवरचा पट्टा अप्पांनीच शिवला होता. जन्मभर लोकांची मापं घेतलेला शिंपी. दुसऱ्याच्या हातची शिवण अंगाला लावून घेईल तर शपथ!

अप्पांनी अंथरूण धरल्यापासून आई त्यांच्या छातीवर तळहात ठेवून बसायची. श्वास चालू आहे ना, एवढंच बघायला. तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. तिला जरा पाठ टेकता यावी म्हणून लेकीनं हा उद्योग काढला.

प्रयोगशाळेत तिचं कामच ते. केसाएवढ्या काचेच्या तंतूवरचं आवरण सोलायचं, बारीक चरे पाडलेल्या काचपट्टीमागे तो ताणून धरायचा आणि लेसर सोडायचा. डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशाचे ठोके टक् टक् पडत आणि तंतूच्या गाभ्यात उजेड-अंधाराच्या पट्ट्यांची जाळी उमटे. अशी जाळी आलेल्या प्रकाशातला एकच रंग माघारी धाडते. तंतू ताणला की तो रंग किंचित सरकतो. छाती फुगली की पडद्यावरची रेघ वर, श्वास सोडला की खाली.

"आणि या दोऱ्याला गाठ मारायची नाही?" अप्पांनी विचारलं होतं.

"मोडेल, अप्पा. काच आहे."

"बिनगाठीचा दोरा! शास्त्रीणबाई, आमचा धंदा बसवणार तुम्ही."

तिनं त्यांना दोन खिसे शिवायला सांगितले होते, एक घट्ट, एक सैल. उबेनंही रंग सरकतो. म्हणून शेजारच्या सैल खिशात दुसरी जाळी मोकळी ठेवायची, तिला फक्त ऊब कळते, आणि पहिलीच्या आकड्यातून ती वजा करायची. पण पहिली जाळी झाली आणि लेसरचा गॅस संपत आला. ठोके मंदावले.

"हा खिसा रिकामाच का गं?" अप्पांनी शिवणीवरून बोट फिरवत विचारलं.

"भरते नंतर. श्वास दिसतोय ना? ऊब काय, पळून थोडीच चाललीय!"

पहिल्या दिवशी रेघेच्या लाटा बघून आई हसली होती. "लग्नात वचन दिलं तेव्हाही इतकं सरळ कळलं नव्हतं यांच्या मनातलं," म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपली.

त्या सकाळीही ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलं होतं. लेकीनं चहाचा कप खाली ठेवला आणि पडद्याकडे बघितलं. लाटा नव्हत्या. ती पुढे वाकली. मग दिसलं, रेघ थांबली नव्हती. हळूहळू खाली उतरत होती.

"आई! ऊठ, श्वास सोडतायत! लांब श्वास आहे, पण रेघ हलतेय!"

आई धडपडत उठली. "अहो, ऐकलंत का? अहो!"

लेक पडद्याला चिकटली होती. एवढा सोडलाय तर आता घेतील. आता वळेल. बापाचा चेहरा हातभर अंतरावर असून ती त्या रेघेकडेच बघत राहिली. रेघ वळली नाही. कुठे घाई नाही, कुठे अडखळणं नाही. गरम पाण्याचं भांडं निवावं तशी ती उतरत होती.

भांडं निवावं तशी.

तिनं मान वळवून अप्पांकडे बघितलं.

"काय गं? आहेत ना? हलतेय म्हणालीस ना तू?"

"हलतेय," लेक म्हणाली. "पण तो श्वास नाही, आई. ऊब आहे. निघून चाललीय."

आईनं पांघरूण नीट केलं, शेजारी बसली आणि नेहमीसारखा तळहात पट्ट्यावर ठेवला, त्या सैल, रिकाम्या खिशाला लागूनच.

लेकीनं यंत्र बंद करायला हात पुढे केला आणि तसाच राहू दिला. रेघ थबकली होती. मग हळूच, आईच्या हाताच्या उबेएवढी, वर चढू लागली.