घोडा पाण्यात उतरतो ती जागा

आरमोरीच्या अलीकडच्या त्या गावात विलायती रॉकवर मत असलेला माणूस एकच, गुणवंतराव. बाकीच्यांची मतं धानावर होती. पण गुणवंतरावांचं मत असं भक्कम की त्याला बैल बांधला असता तरी हललं नसतं.

चंद्रपूरच्या खाणीवरचा एक इंजिनियर बदली होऊन जाताना तबकड्यांची पेटी आणि रेकॉर्ड प्लेअर त्यांच्याकडे ठेवून गेला, तो परतलाच नाही. तबकड्यांची इंग्रजी नावं गुणवंतरावांनी कधी घेतली नाहीत. ओळख वेष्टनावरच्या चित्रावरून. शिडीवाली त्यांना पटत नसे. "गिटारवाला कोणाले बोलूच देत नाई, ग्रामसभेत सरपंच बसल्यावानी." घुबडवालीचा ड्रमवाला हुशार, पण शेवटची बस गाठायची असल्यासारखा वाजवतो. आणि निळ्या घोड्याची? तिचं नाव निघालं की ते आधी तोंडातलं पान थुंकून यायचे, मगच बोलायचे.

"बाजूभर एकच गाणं. अर्ध्यात गेलं का ऑर्गन खाली खाली जाते, गाणाऱ्याचा आवाज जड होते, ड्रम थकते. घोडा पाण्यात उतरते जी! आपण मरणार हाओत, हे त्या पोरायले तिथीच समजलं. मंग हळूच काठावर येते. दुसऱ्या कोणाले हे जमलं नाई."

ही जागा ऐकून एकदा जंगलातून आलेला वाघ अंगणाच्या कडेला बसून राहिला होता, आणि बाजू संपल्यावर बकरीकडे न बघता जड पायांनी निघून गेला होता. वाघाची ही गोष्ट वच्छलाबाई सोडून साऱ्या गावाला खरी वाटे. वच्छलाबाई त्यांची बायको.

यंदा नागपूरचे जावई आले. प्रणित. कानात कायम काहीतरी खुपसलेलं. चहा घेता घेता ते अदबीनं म्हणाले, "मामाजी, तुमची घोड्यावाली फोनवर सापडली. तीनदा ऐकली. घोडा पाण्यात उतरतच नाही. काठाकाठानंच पळतो."

"फोनवाल्यानं ती जागा कापली असन."

"वेष्टनावर लिहिलेली मिनिटं न् फोनवरची सारखीच आहेत."

ओसरीवर सलूनवाला सुकलू बसला होता. त्याच्यादेखत माघार कशी घ्यायची? गुणवंतरावांचा हात मिशीकडे गेला. मिशी अशी की ते दारात येण्याआधी ती घरात येई. "जावईबापू, आज जेवणानंतर लावतो. घोडा उतरला नाई, तर ही सुकलूच्या हवाली."

"वस्तरा धुऊनच आणतो जी," सुकलू म्हणाला आणि बातमी घेऊन गावात पळाला.

जावई आंघोळीला गेले तशी गुणवंतरावांनी तबकडी लावली. अर्ध्यावर आली. घोडा पळतोच आहे! सुई पुसली, फुंकर मारली, पुन्हा लावली. घोडा पळतोच आहे. त्यांनी वेष्टन उलटं करून झटकलं, जणू उरलेला घोडा आत अडकला असावा.

"अवेळी काऊन लावून राह्यले?" स्वयंपाकघरातून वच्छलाबाईंनी विचारलं.

'अवेळी' हा शब्द त्यांच्या डोक्यात जाऊन बसला. दुपारी असं काय असतं, जे सकाळी नसतं? गडचिरोलीची बस हॉर्न देते, आपण ताटावरून उठतो, तबकडी लावतो. बस कधी वेळेवर येत नसे, पण तिचा उशीर मात्र वक्तशीर. आणि मग? समोर जमीलाबीची भातगिरणी सुरू होते. तिचा नवरा नमाज पढून आला की पट्टा चढवी. तो गेल्यावर तिनं तीच वेळ ठेवली. गिरणीचा आवाज गावाला ऐकूच येत नसे, माणसाला आपला श्वास ऐकू येत नाही तसा.

तबकडी वाजती ठेवून ते रस्ता ओलांडून गेले. "जमीलाबी, मिनिटभर चालू कर न."

"खाली पेट कशी चलन भाऊ? थोडा धान टाकते."

गिरणी घरघरली. पलीकडे घरात ऑर्गन खाली खाली गेला, गाणाऱ्याचा गळा जड झाला. घोडा छातीभर पाण्यात.

"व्होल्टेज पडते न भाऊ," जमीलाबी म्हणाली. "दोघायची एकच डीपी. तुमचा बाजा रोज माझ्या गिरणीले घाबरते."

"अन् आजवर सांगतलं नाई?"

"तुम्ही डोळे मिटून बसत. मले वाटे दुवा मांगून राह्यले." मग तिनं पदरानं हसू झाकलं. "फिकर नका करू. दुपारी मी चालू करतेच. मिशीले काही होत नाई."

म्हणजे गप्प बसायचं, एवढंच काम.

दुपारी ओसरी भरली. बस आली, तबकडी फिरू लागली. जावई डोळे मिटून बसले, सुकलू वस्तरा मांडीवर घेऊन. अर्ध्यावर घोडा पाण्यात उतरला, असा की सुकलूनं घोड्यावर बसल्यासारखी मांडी आवळली.

"मामाजी," जावई डोळे न उघडताच म्हणाले, "मी हरलो."

सगळे मिशीकडे कौतुकानं बघू लागले. गुणवंतरावांनी ती एकदा कुरवाळली. पण आत एक किडा वळवळत होता, तो काही गप्प बसेना.

"खरं सांगजा जावईबापू. फोनातलं बरं, का हे बरं?"

"हे. ते आता मला ऐकवणारच नाही."

"मंग डोळे उघडा अन् पंखा पाहा."

पंखा इतका सावकाश फिरत होता की पात्यावर बसलेली माशी आरामात गाव बघत होती. पोतं संपलं, गिरणी थांबली. पंख्यानं वेग घेतला, माशी उडाली, घोडा काठावर आला. आधी वच्छलाबाई हसल्या, मग सारी ओसरी.

"आता हे तुम्ही सांगायचं काऊन?" सुकलू हळहळला, पण वस्तरा उघडलाच.

दुसऱ्या दिवशीपासून गुणवंतरावांना वेगळीच तहान लागली. इतक्या वर्षांच्या मतांतली आपली किती आणि गिरणीची किती? पेटी पहिल्यापासून ऐकायला घेतली, प्रत्येक तबकडी सकाळी एकदा, दुपारी एकदा. घुबडवालीच्या ड्रमवाल्याची बस दुपारीही चुकत नव्हती. ते मत आपलंच निघालं. मग शिडीवालीची पाळी आली. सकाळी सरपंच तसाच. दुपारी गिरणी लागली आणि गिटारवाला दमला. त्याच्या मागून इतकी वर्षं दबलेली एक बासरी डोकावली, तिच्यामागून पियानो.

"भाऊ, धान संपला," जमीलाबीनं रस्त्यापलीकडून हाक दिली. "बंद करू का?"

गुणवंतरावांचा हात मिशीकडे गेला आणि भादरलेल्या ओठावर अडला.

"थांब वो!" ते ओरडले. "आमच्या घरचं पोतं पाठवतो. पहिल्यांदाच बाकीचे बोलून राह्यले!"