सफरचंदाला ताण

सफरचंदाच्या झाडाला झोप लागत नव्हती, असं मी सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे. चार वर्षं त्या झाडाशेजारी मी बसलो, ते बसले नव्हते.

वसमतला मुन्सफ म्हणून आलेल्या व्यंकटराव साहेबांच्या बंगल्यावर मी माळी होतो. साहेब येत, बदलून जात. मी आणि माझी बायको गौसिया मात्र विहिरीमागच्या खोलीत बावीस वर्षं टिकलो होतो. गौसियाला दमा. ती खोली गार होती, पाणी दारात होतं, म्हणूनच ती जगली असं मी मानतो. आम्हांला दुसरीकडं कुठं छप्पर नव्हतं. नोकरी गेली की खोली गेली.

साहेबांची बायको पार्वतीबाई. त्यांचे वडील शिमल्याला सरकारी कचेरीत होते, त्यामुळं बाई बर्फात वाढल्या. सन अडतीसच्या हिवाळ्यात त्यांनी माहेराहून गोणपाटात गुंडाळून सफरचंदाचं एक कलम आणलं.

"लतीफचाचा, एकदा तरी याला इथं फुलं आलेली मला बघायचीत," त्या म्हणाल्या. मी बरं म्हणालो. मालकिणीला दुसरं काय म्हणणार?

पहिल्या उन्हाळ्यातच झाडानं घाबरवलं. दुपार झाली की पानं दुमडून माना टाकायची. साहेब ओसरीवरून ओरडायचे, "पाणी घाल, पाणी!" भर बाराला तापल्या मातीत पाणी ओतलं तर मुळ्या उकडून निघतील, हे मुन्सफाला कुणी सांगावं? मी त्यांच्यासमोर हंडा भरायचो आणि पलीकडच्या सावलीतल्या दोडक्याच्या वेलाला नेऊन ओतायचो. पानं तहानेनं दुमडत नव्हती. ऊन कमी लागावं म्हणून झाड अंग चोरून घेत होतं. सांज झाली की तीच पानं पुन्हा उघडत, आणि मग मी पाणी द्यायचो.

हळदीच्या रानात कोंबांना सावली व्हावी म्हणून आमच्याकडं एरंड लावतात. तसे चार एरंड मी झाडाच्या मावळतीला लावले. खोडाला चुना फासला, बुडाशी हळदीचा वाळला पाला वीतभर पसरला. तरी वैशाखात निम्मी पानं गळाली. बाई रडायला लागल्या.

"रडू नका बाईसाहेब," मी म्हणालो, "समदी पानं पोसवत न्हाईत, म्हणून ओझं कमी करून राहिलंय ते."

आषाढात नवी पालवी आली. झाड तगलं. पण तगणं वेगळं आणि फुलणं वेगळं. आमची थंडी ती काय, पहाटे घोंगडी आणि दुपारी उघडं अंग. पौष सरला तरी जुनी पानं फांदीला तशीच चिकटलेली, धड हिरवी नाहीत की पिवळी नाहीत. फाल्गुनात शेंड्याचे दोनचार डोळे फुटायचे, बाकीचे मिटलेलेच. तीन वर्षं हेच. बाई रोज सकाळी फांद्या वाकवून बघायच्या आणि मुकाट्यानं आत जायच्या.

एकदा त्या सहज बोलून गेल्या, "शिमल्याला झाड उघडंबोडकं होऊन चार महिने बर्फात झोपतं. मग जागं होऊन फुलतं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या झाडाला थंडीच मिळत नव्हती, मग झोप कुठली? बारा महिने ते ताटकळत उभं होतं. मला त्याची दया आली. मीही साठीला टेकलो होतो, पाठ धरत होती, कुणी चार महिने पड म्हणालं असतं तर पडलो असतो.

माझी सासुरवाडी कनेरगावाकडची. तिकडं संत्र्याला ताण देतात. पाणी तोडायचं, बुडाची माती उकरून मुळ्या उघड्या टाकायच्या. झाड पानं टाकून निपचित पडतं. मग महिन्याभरानं माती लोटून पाणी सोडलं की बहार येतो. मनात आलं, बर्फ नाही तर नाही, ताण तर आपल्या हातात आहे. पानं आपण होऊन पडत नसतील तर हातानं ओरबाडू.

गौसियानं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "काहून नसतं लचांड गळ्यात घेऊन राहिले? झाड हिरवं हाय, खोली हाय. पानी घाला अन् गप बसा ना."

तिचं बराबर होतं. पण चैत्रात साहेबांची बदली ठरली होती. बाईंना फुलं बघायची तर हा शेवटचा हिवाळा. मी जाऊन बाईंना सगळं सांगितलं, झाड मरूही शकतं हेसुद्धा.

बाईंनी खिडकीतून झाडाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "करा चाचा. साहेबांना मी सांगेन."

साहेब महिनाभर रजेवर हैदराबादला गेले त्याच दिवशी मी माती उकरली. दोन दिवस शिडीवर चढून एकेक पान तोडलं. झाडाचा पार सांगाडा झाला. पाणी बंद. रोज सकाळी नखानं साल खरवडून आत हिरवं आहे ना ते बघायचो. अजून चार दिवस, मग पाणी सोडायचं, असं मनाशी ठरलं होतं. आणि साहेब चार दिवस आधीच परत आले.

टांग्यातून उतरले ते थेट झाडापाशी. "हे कुणी केलं?"

"मी, सरकार."

"कुणाला विचारून?"

बाई दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी साहेबांचा चेहरा पाहिला, पदर सावरला आणि आत निघून गेल्या. मला राग आला. खरं सांगतो, अजून येतो. पण बाईंचं नाव घेतलं असतं तर माळी खोटं बोलतो एवढंच ठरलं असतं. साहेबांनी तिथल्या तिथं मला कामावरून काढलं.

संध्याकाळच्या आत खोली रिकामी झाली. गावाबाहेर संतरामच्या गोठ्याच्या पडवीत आम्ही पथारी टाकली. भला माणूस, पण कडब्याची धूळ काही कुणाचं ऐकत नाही. गौसियाचा श्वास दिवसासुद्धा वाजायला लागला. पंचवीस दिवस मी बघत राहिलो. मग मान खाली घालून बंगल्यावर गेलो, म्हटलं पाया पडू.

फाटकातूनच दिसलं. उघड्या फांद्यांवर गुलाबी कळ्या आणि पांढरी फुलं, पान मात्र नावाला. मी फाटक ढकलून आत गेलो.

साहेब खुर्ची टाकून झाडासमोर बसले होते. बाजूला नवा माळी फुलसिंग हंडा घेऊन उभा.

"बघ लतीफ," साहेब म्हणाले, "तू मारलेलं झाड यानं उठवलं."

फुलसिंग बिचारा कानकोंडा झाला. "म्या काय केलं सरकार? आळं उकरेलच व्हतं. मला वाटलं पान्यासाठीच असंल. माती लोटली, पानी भरलं."

साहेब हसले. हाताला गुण असलेली माणसं अशीच बोलतात, म्हणाले. मग माझ्याकडं वळले. गौसियाचं त्यांच्या कानावर गेलं होतं. "चूक कबूल कर, आणि याच्या हाताखाली राहा. हा गावातून येतो-जातो, खोली रिकामीच आहे."

बाई झाडाखाली फांदी धरून उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं. "अहो..."

"काय?" साहेब म्हणाले.

"काही नाही."

मी वाट पाहिली. एवढा एकच शब्द हवा होता मला, की याला मी सांगितलं होतं. बाई फुलांकडं बघत राहिल्या. गोठ्यात गौसिया भिंतीला टेकून बसली असेल, हे माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

"चूक झाली सरकार," मी म्हणालो. "झाडाचं मला काही कळलं न्हाई."

साहेबांनी मान हलवली. फुलसिंगनं खोलीची किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली.

निघालो तेव्हा बाई मागून हळूच म्हणाल्या, "चाचा, किती सुंदर आलीत ना?" त्यांचे डोळे भरले होते.

"व्हय बाईसाहेब," मी म्हणालो, आणि गौसियाला आणायला गेलो.