चौदा नंबरची निळी बादली

बादली तुम्ही मागितलीत, सार्जंटसाहेब. आणि गुन्हेगार ठरले मी.

हे वाक्य अकरा दिवस ओदेतेच्या मनात घोळत होतं. आज टेकडीच्या पायथ्याशी, पालिकेच्या सभागृहात चौकशी होती आणि तिचं नाव पुकारायचं बाकी होतं. दाराशी सार्जंट उभा होता, हात मागं बांधून. बादली मागणारा तोच. तिचं घर त्याला ठाऊक होतं. पाण्याच्या टाकीच्या वर, वळणावर, चौदा नंबर.

चौदा नंबरच्या पायरीवरच जोसिमार पडला होता. चोवीस वर्षांचा, नळ जोडायचं काम करणारा पोरगा, खांद्यावर काळ्या पाइपचा हातभर तुकडा. दुपारचे दोन वाजले होते. ओदेते खिडकीत बसून काळा राजमा निवडत होती. पोलिसांनी त्याला हटकलं नाही, थांब म्हटलं नाही. आधी गोळ्यांचे दोन आवाज, मग आणखी पाच. तो जिवंत आहे, दवाखान्यात नेतो, म्हणत त्यांनी त्याला चादरीत गुंडाळून खाली नेलं. तो जिवंत नव्हता. ओदेतेनं त्याचे डोळे पाहिले होते.

मग सार्जंट दारात आला. अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मावशी, दोन बादल्या द्या. एक भरलेली, एक रिकामी. आणि पायरी धुऊन घ्या, पोरंबाळं येतात-जातात इथून." रिकामी बादली त्यानं स्वतःकडं ठेवली; तिच्यात काहीतरी सात वेळा खणकलं.

टेकडीवर ज्याची पायरी त्यानंच धुवायची. रोज सकाळी, पाणी असो-नसो. तीस वर्षांची सवय ती. पिंपात शुक्रवारपर्यंत पुरवायचं पाणी होतं, त्यातलं अर्धं तिनं त्या पायरीवर ओतलं, साबण टाकला, खराट्यानं घासलं. रडत घासलं. आपण पुरावा धुतोय हे तिच्या लक्षात आलं नाही, आणि ज्यांच्या लक्षात होतं ते शेजारीच उभे होते.

संध्याकाळी टीव्हीवर पोलिसांचे मोठे साहेब म्हणाले, तरुणाकडे पिस्तूल होतं, पण स्थानिकांनी जागा धुऊन पुरावा नष्ट केला. सोबत फोटो. वाकलेली ओदेते, हातात खराटा, लाल पाणी.

झालं. रेडिओवर फोन करणाऱ्यांना काम मिळालं. खालच्या वस्तीतले म्हणाले, या बाईला टेकडीवरच्या गुंडांनी पिस्तूल लपवायला लावलं. वरच्या आळीतले म्हणाले, या बाईला पोलिसांनी फोडलं. गोळ्या कुणी झाडल्या हा प्रश्न दोन दिवसांत मागं पडला. पायरी कुणी धुतली एवढाच उरला. ओदेतेच्या भिंतीवर कुणीतरी लिहून गेलं: धुणारी.

जोसिमारच्या आईकडं, मार्लुसीकडं, तिनं राजम्याचं पातेलं पाठवलं. मयताच्या घरी शेजार जेवण पाठवतो, तसं. पातेलं आल्या पावली परत आलं. झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

"मावशी, आज रेडिओनं तुम्हाला गुंडांची आत्या केलंय," कोपऱ्यावरचा दुकानदार बेनेदितो आज सकाळी म्हणाला. टेकडीवर तिच्याशी बोलणारा तेवढाच उरला होता.

"काल पोलिसांची खबरी होते."

"म्हणजे दोन्हीकडनं पगार."

"आला की तुला कॉफी पाजते. साखर घालून. तुझ्यासारखी पाणचट नाही."

तो हसला आणि मोबाइल पुढं करत म्हणाला, "हा फोटो तरी धड बघितलात का कधी?"

तिनं बघितला नव्हता. स्वतःचा असला फोटो कोण बघेल? तिनं चष्मा पुसला, आणि फोटो बोटांनी मोठा केला. आपली पाठ, खराटा, पाणी. आणि अगदी कडेला, टाकीकडं उतरणारा सार्जंट. हातात निळी बादली. बादलीतून वर आलेला काळा पाइप. बादलीवर पांढऱ्या रंगात १४. पाण्याच्या रांगेत चोरीला जाऊ नये म्हणून टेकडीवरच्या प्रत्येक बादलीवर घराचा नंबर असतो.

रिकामी बादली. ती परत आलीच नव्हती, आणि भीतीपोटी तिनं मागितलीही नव्हती.

"लाखभर माणसांनी बघितलं हे," बेनेदितो पुटपुटला. "मीपण."

"तुम्ही माझ्याकडं बघत होतात सगळे."

"मावशी, तो सार्जंट रोज तुमच्या दारावरनं जातो. घरात एकट्या असता. जरा विचार करा."

"अकरा दिवस तेच केलं."

सभागृहात तिचं नाव पुकारलं गेलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आली धुणारी." काही जण हसले. पहिल्या रांगेत मार्लुसीनं मान फिरवली. टेबलामागच्या साहेबांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, "घटनास्थळ तुम्ही धुतलंत, हे मान्य आहे?"

"मान्य आहे. मी धुतलं."

हशा थांबला. लेखनिकानं भराभर लिहून घेतलं.

"बसा."

ओदेते बसली नाही. बेनेदितोनं मोठा करून छापून आणलेला फोटो तिनं टेबलावर ठेवला.

"पाणी मी ओतलं, त्याचं पाप मी मार्लुसीसमोर कबूल करते. पण धुवायला त्यानं सांगितलं." तिनं दाराकडं बोट केलं. "आणि धुवायच्या आधी खाली पडलेलं सगळं त्यानं उचलून माझ्या बादलीत भरलं. गोळ्यांच्या सात पुंगळ्या होत्या, टाकताना वाजत होत्या. वर पाइप ठेवला. पिस्तूल नव्हतं. हा बघा पाइप. हा माझा नंबर."

मार्लुसीची मान वळली. ती उठून टेबलापाशी आली आणि पाइपवर बोट ठेवून तशीच उभी राहिली. सार्जंटनं मागं बांधलेले हात सोडले.

साहेबांनी फाइल चाळली. एकदा पुढं, एकदा मागं. "जप्तीच्या यादीत बादली नाही," ते म्हणाले. "तुम्ही बसून घ्या, बाई."

"नाही बसत. मी धुतलं हे लगेच लिहून घेतलंत. आता हेही लिहा आणि उत्तर द्या. माझी बादली कुठंय?"