तोंडी परीक्षेतली सळई

दयानंद सरांनी बजरंगचा अहवाल मधोमध फाडला आणि तेच कागद त्याच्या तोंडावर मारले.

"ब्याण्णव टक्के!" ते ओरडले. "सॉफ्टवेअर सांगतंय, ब्याण्णव टक्के मशीननं लिहिलंय. शिरूर अनंतपाळच्या पोराला असलं इंग्रजी कुठून येईल रे?"

नांदेडजवळच्या त्या अभियांत्रिकी कॉलेजात शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा चालू होती. प्रयोगशाळेत वीसेक मुलं उभी होती. ग्रंथपाल वर्षाराणी दाराशी होती. एआय नीट कसं वापरायचं, हे मुलांना आणि प्राध्यापकांना शिकवायचं काम वर्षभरापासून तिच्याकडं होतं.

"सर, मोजमाप सगळं माझं हाय," बजरंग म्हणाला. "इंग्रजी तेवढं एआयकडून नीट करून घेतलं."

"म्हणजे चोरीच की."

"चोरी न्हाई, सर. ही वही बघा."

सरांनी वही भिरकावली. मग अशी कानशिलात लगावली की बजरंगचं डोकं लोखंडी कपाटावर आपटलं. मागं कुणीतरी हसलं.

बजरंगनं टेबलावरची चाचणीची सळई उचलली. पहिला फटका सरांच्या खांद्यावर बसला, दुसरा जबड्यावर. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. सर खाली कोसळले, तोंडातून रक्त आणि दोन दात फरशीवर आले. तिसऱ्यांदा सळई वर गेली, तशी वर्षाराणी मध्ये घुसली. सळई तिच्या डाव्या मनगटावर आली.

"टाक ती! बजरंग, टाक म्हणते ना!"

तिचा पंजा भलत्याच बाजूला वळला होता. तो बघून बजरंगच्या हातातली सळई गळाली. तो भिंतीला टेकला आणि ओकला.

मग बाकीची मुलं त्याच्यावर तुटून पडली. जी हसली होती तीही. त्याला ओढत व्हरांड्यात नेलं, पोटात लाथा घातल्या, केस धरून डोकं पायरीवर आपटलं. "मरेल तो, सोडा त्याला!" वर्षाराणी किंचाळत राहिली. पोलीस आले तेव्हा त्याचा एक डोळा पूर्ण मिटला होता.

हाताला प्लास्टर घालून तिसऱ्या दिवशी वर्षाराणी कॉलेजात आली आणि सरांनी भिरकावलेली ती वही उघडली. वडलांच्या सोयाबीनच्या रानातल्या ओलाव्याचे एक्केचाळीस दिवसांचे आकडे होते. पेनानं लिहिलेले, खोडलेले, मातीच्या बोटांचे डाग पडलेले. काम त्याचंच होतं. पण एआयची मदत कुठं घेतली ते सांगायचं पान अहवालात नव्हतं. तो नियम तिनंच केला होता आणि फलकावर चिकटवून मोकळी झाली होती. या वर्गात जाऊन समजावलं नव्हतं. ते सॉफ्टवेअर कुठं चुकतं, हे प्राध्यापकांनाही तिनं कधी सांगितलं नव्हतं. याचं तिला वाईट वाटलं, आणि रागही आला, स्वतःचाच.

मग तिनं ग्रंथालयातला दयानंद सरांचा २००८ सालचा प्रबंध त्याच सॉफ्टवेअरमध्ये टाकला. निकालाचा कागद घेऊन ती दवाखान्यात गेली.

सरांचा जबडा तारांनी बांधलेला होता. त्यांनी कागद वाचला. प्रबंध अठ्ठ्याहत्तर टक्के मशीननं लिहिलेला. उशाशी ठेवलेल्या कोऱ्या वहीत त्यांनी लिहिलं, 'हे साफ खोटं आहे.'

"हो सर, खोटंच आहे."

सरांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर उतरलं. मग त्यांनी खाली लिहिलं, 'पहिला हात मी उचलला.' पोलिसांना जबाब देतानाही त्यांनी तेच लिहून दिलं.

त्या जबाबानं गुन्हा मिटला नाही. बजरंगला कॉलेजानं वर्षभरासाठी काढून टाकलं. मारणाऱ्या मुलांवरही केस झाली. वर्षाराणी वर्गावर्गात जाऊ लागली, प्राध्यापकांनाही बसवू लागली. आकडा बघून कुणाला चोर ठरवू नका, आधी पोराला समोर बसवून विचारा, असं ती सांगायची.

जामिनाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात बजरंगची आई, तारामती, वर्षाराणीसमोर येऊन थांबली. प्लास्टरकडं बघत म्हणाली, "लई दुखतंय का, मॅडम?"

"दुखतंय."

"माझ्याच पोरानं केलं."

"हो, त्यानंच केलं."

तारामतीनं पदर तोंडाशी धरला. "पर ते पुस्तक... त्यानं सोताच लिव्हलं व्हतं ना?"

"त्याचंच होतं, ताई. मी ओळ न् ओळ बघितलीय."

तारामती तिथंच खाली बसली आणि मोठ्यानं रडू लागली.