सूचकाची सही

वेस्लीच्या चार वर्षांपूर्वीच्या पत्राला ह्यूबर्ट पर्डीने उत्तर दिलंच नव्हतं. पत्र दोन ओळींचं, सोबत उमेदवारीचा कोरा अर्ज: "पक्ष सोडला. अर्जावर सूचक म्हणून याही वेळी तुझीच सही हवी. देशील ना?"

त्याआधी वेस्ली मॅव्हिनी नगरपरिषदेवर पाच वेळा निवडून आला होता, पाचही वेळा सूचक ह्यूबर्ट. मत गुप्त असतं, पण सूचकाचं नाव टाउन हॉलच्या फलकावर लागतं. बंधुसंघाचं लॉज, चर्च, सगळीकडे जुन्या पक्षाची माणसं. आयुष्य ग्रंथालयात काढलेला ह्यूबर्ट घाबरला. वेस्लीने दुसऱ्या कुणाची सही घेतली, जेमतेम निवडूनही आला. तेव्हापासून दोघांत रस्त्यात मान हलवण्यापुरताच संबंध.

आज बेकरीत सोडा ब्रेड बांधून देताना थेल्मा म्हणाली, "मिस्टर पर्डी, तुमचा दोस्त परत उभा राहतोय म्हणे. आता कुठल्या पक्षातून?"

"त्याच नव्या. दोन्ही पक्ष आपण ब्रिटनमध्येच राहावं म्हणणारे, थेल्मा."

"हो ना! आणि आपसात एकमेकांचं तोंड बघत नाहीत."

वेस्लीने पक्ष का सोडला असेल? घरी आल्यावरही ह्यूबर्टच्या डोक्यातून ते जाईना. वेस्लीचं निवडणुकीचं प्रत्येक पत्रक तो जपून ठेवायचा. गेल्या वेळचं मात्र न वाचताच खोक्यात टाकलं होतं. त्याने ते उघडलं. रंग नवा, फोटो जुनाच. कारण कुठेच नव्हतं. पण तळाशी छापलं होतं: "पहिली पसंती मला. दुसरी मॅडलीन रे यांना."

इथे मतपत्रिकेवर उमेदवारांना पसंतीचे क्रमांक द्यायचे असतात. मॅडलीन जुन्या पक्षाची उमेदवार. भर सभेत वेस्लीला गद्दार म्हणालेली.

ह्यूबर्टने चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. त्या बाईचं नाव वेस्लीने स्वतःच्या पत्रकावर छापलं, आणि आपल्याला मित्राच्या नावाखाली सही जमली नाही.

तीन कागद फाडल्यावर चौथा कसाबसा जमला:

"वेस्ली, मत तुलाच दिलं होतं. सही द्यायला भ्यालो. तू पाठवलेला तो अर्ज आता बाद झाला. नवा घेऊन ये, सही करतो. तू पक्ष का सोडलास, आणि दुसरी पसंती मॅडलीनला का मागितलीस, तेही सांग. चहा ठेवतो."

टपालपेटी बेकरीच्या दारातच होती. थेल्माने मान बाहेर काढली. "कुणाला हो पत्र?"

"वेस्ली मॅव्हिनीला," ह्यूबर्ट म्हणाला, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि पत्र आत सोडलं.