धुऱ्यावरच्या पेट्या

पुंडलिकरावांनी चौथ्या मधपेटीच्या दारात गवताचा बोळा कोंबला आणि तेवढ्यात एक माशी अंगठ्याला डसलीच. त्यांनी तिला शिवी हासडली. मग आहेच तोंड उघडलेलं म्हणून धाकट्या भावालाही एक हासडली.

"उचल," ते नत्थूजीला म्हणाले.

नत्थूजी त्यांचा तीस वर्षांचा सालदार. अजून नीट उजाडलं नव्हतं, तरी त्याची नाखुशी दिसत होती.

"सूनबाईले इचारलं असतं तं बरं होतं, मालक. आज येऊनच राह्यली ते वडनेरहून."

"वावर कोणाचं हाय? माह्यं का तिचं?"

नत्थूजीनं पेटी उचलली.

पेट्या आणल्या होत्या सुनेनं, मोहिनीनं. दोन वर्षं भोपळ्याच्या वेलांना फुलं यायची आणि धरायच्या आत गळून जायची. अल्लीपूरच्या बाजारात न्यायला माल नाही, मांडवाचा खर्च अंगावर. मोहिनी प्रशिक्षण घेऊन आली, पेट्या घेऊन आली, आणि मग चार दिवस नुसती वावरात हिंडली. सकाळी इथं उभी, दुपारी तिथं. विहिरीजवळ माणसांची ये-जा, आंब्याखाली दिवसभर सावली, खालच्या अंगाला ओल. शेवटी तिनं बोट दाखवलं ते पूर्वेच्या धुऱ्याकडं, दोन वावरांमधल्या बांधाकडं.

"सकाळचं पह्यलं ऊन दारावर पडते, मामाजी. दुपारी पळसाची सावली येते. मागून तुऱ्हाट्यांचा कूड घातला का वारा नाई लागत."

सगळं खरं होतं. पण धुऱ्यापलीकडं धाकट्या भावाची, किसनरावाची तूर होती, आणि पेट्यांची दारं नेमकी तिकडं. अकरा वर्षांपूर्वी त्याच धुऱ्यावरच्या बाभळीवरून दोघा भावांचं जे फाटलं, ते शिवायला कोणी गेलं नव्हतं. पुंडलिकराव तेव्हा धुसफुसले, पण गप्प बसले. मोहिनीनं पेट्यांखाली लाकडी घोडे मांडले, मुंग्या चढू नयेत म्हणून घोड्यांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून पेट्या दाराकडं किंचित कलत्या ठेवल्या. महिन्याभरात मांडव भोपळ्यांनी वाकला. पुंडलिकराव रोज भोपळे चाचपून पाहायचे आणि सुनेला मात्र एका शब्दानं काही म्हणायचे नाहीत.

मग परवा बाजारात गावातल्या बंडूजीनं काडी टाकली.

"माशा तुमच्या, अन् तूर लदबदली किसनरावची! भावाची सेवा बाकी झक्कास चालू हाय!"

चहाच्या टपरीवर चारजण हसले. पुंडलिकरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती दोन दिवस उतरली नाही.

म्हणून आज, सून माहेरी असताना, त्यांनी पेट्या घोड्या-वाट्यांसकट साठ पावलं आत आणल्या, विहिरीजवळ, मांडवाच्या आड. दारं पश्चिमेला फिरवली. बोळे काढले.

"माशा चुकतीन, मालक," नत्थूजी म्हणाला.

"बैल आपला गोठा वळखते. माशीले का अक्कल नाई?"

आणि ते काकड्यांची पोती घेऊन हिंगणघाटला गेले. किती दिवसांनी त्यांना वाटेत गाणं गुणगुणावंसं वाटलं.

दुपारी परतले तेव्हा मोहिनी धुऱ्यावर गुडघे टेकून बसली होती. माहेरची पिशवी बाजूला तशीच पडलेली. जमिनीवर वाट्यांच्या गोल खुणा होत्या आणि त्या खुणांवर, गवतावर, पळसाच्या पानांवर माशा पडल्या होत्या. हजारोंनी. काही अजून जागच्या जागी गरगरत होत्या. मोहिनी एकेक उचलून ओच्यात टाकत होती.

"माशी पेटी नाई वळखत, मामाजी. जागा वळखते." तिनं वर पाहिलं नाही. "रानातून आल्या, जागेवर आल्या, अन् घरच नाई. येथंच बसल्या वाट पाहत."

"पण मेल्या काऊन?"

"वास घ्या."

त्यांनी घेतला. तुरीवरून औषधाचा उग्र दर्प येत होता.

बस्स. दोन दिवसांच्या रागाला एकदम धनी सापडला. पुंडलिकराव अकरा वर्षांत पहिल्यांदा धुरा ओलांडून तुरीत घुसले. किसनराव बोअरवर फवारणीचा पंप धूत बसला होता.

"मारल्या न माह्या माशा! दिवसाढवळ्या फवारा मारते? लाज नाई वाटत?"

किसनराव उभा राहिला. त्याचे हात निथळत होते.

"पेट्या नव्हत्या," तो म्हणाला.

"काय?"

"सकाळी पाह्यलं तं जागा रिकामी. घोडे नाई, वाट्या नाई. मले वाटलं तुमी नेल्या कोठं. म्हणून काढला पंप." त्याचाही आवाज चढला. "महिना झाला, दिवस बुडाल्यावर फवारून राह्यलो मी. डोक्याले बॅटरी बांधून! अळीनं शेंगा खाल्ल्या, पण दिवसा पंप नाई काढला. इचारा सूनबाईले!"

पुंडलिकराव वळले. मोहिनी धुऱ्यावर उभी होती, ओचा दोन्ही हातांनी धरून.

"काकाजीले मीच सांगतलं होतं. तुरीच्या कडेचं थे पाण्याचं घमेलंबी त्याइनंच ठेवलं होतं माशांसाठी."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं ठेवू देल्या असत्या पेट्या?"

पुंडलिकरावांना संताप आवरेना, आणि आता तो काढायचा कोणावर? त्यांनी नत्थूजीकडं पाहिलं. नत्थूजी आधीच दुसरीकडं पाहत होता.

दिवस बुडाला तशा जगल्यावाचल्या माशा पेट्यांत शिरल्या. मोहिनीनं दारांवर जाळ्या ठोकल्या. तुरीवरचं औषध उतरेपर्यंत आता उघडायचं नव्हतं. पहिली पेटी पुंडलिकरावांनी स्वतः उचलली. सकाळपेक्षा ती हलकी लागली. ती घेऊन ते धुऱ्याकडं चालू लागले.

वाट्या जुन्या खुणांवर बसल्या. घोडे बसले.

"दारं कोणीकडं?" नत्थूजीनं विचारलं.

पुंडलिकरावांनी पेटी पूर्वेकडं, तुरीकडं फिरवली आणि बोटभर कलती केली.

पलीकडं किसनराव घमेलं घेऊन उभा होता. धुऱ्याला पाय न लावता त्यानं विचारलं,

"दारं कधी उघडता, दादा?"

पुंडलिकरावांनी पेटीला कान लावला. आत आवाज होता, पण बारीक, लांबून आल्यासारखा.

"चार दिवसानं," ते खेकसले. "अन् पेट्या जागेवर दिसल्या नाई, तं इचारत जाय न! तोंड नाई का तुले?"

"तुमाले होतं का?" किसनराव म्हणाला आणि घमेलं चार दिवसांसाठी उपडं ठेवून निघून गेला.